फुकटच्या जागेत बांधलेलं घर



आषाढात आपण पापड, शेवया, कुरडया विकणाऱ्या गटांवर कार्यक्रम केला होता. तो झाल्यावर एका गटाच्या सचिव ताईंचा फोन आला. गावाचं नाव घेऊ नका म्हणाल्या, म्हणून घेत नाही. त्यांच्या गटाने चार वर्षांपूर्वी इंटरनेटवर फुकटात एक पान उघडलं होतं. उघडून दिलं अध्यक्ष बाईंच्या भाच्याने. नंबर त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्डही त्याच्याच डोक्यात. पुढे भाचा पुण्याला नोकरीला गेला, त्याने नंबर बदलला, आणि पान उघडेना. गिऱ्हाईक जुन्या नंबरवर फोन करतं आणि माघारी जातं. त्यात भर म्हणून गटाच्या कुरडयांचा फोटो एका भलत्याच माणसाच्या जाहिरातीत दिसला. ताई वैतागून म्हणाल्या, "पान आमचं, कुरडया आमच्या, फोटोत ताट धरलेला हातसुद्धा माझा. मग याचा मालक कोण?"

मी म्हटलं, ताई, एका फोनवर उत्तर देण्यासारखं हे नाही. या प्रश्नावरून तीस वर्षं भांडणं चाललीत, आणि त्यातलं एक तर आपल्याच शहरातल्या हायकोर्टात गेलं होतं. तीच गोष्ट आज सांगते.

सुरुवात अमेरिकेतून करावी लागेल. १९९४ साली कॅलिफोर्नियात एक कंपनी निघाली. तिचं नाव पुढे जिओसिटीज पडलं. तेव्हा इंटरनेटवर स्वतःचं पान हवं तर जागा भाड्याने घ्यावी लागे. जागा म्हणजे काय? आपण टाकलेला मजकूर आणि फोटो कुठे हवेत तरंगत नसतात. कुठल्यातरी मोठ्या इमारतीत रात्रंदिवस चालू असलेल्या संगणकांवर ते साठवलेले असतात. ती दुसऱ्याच्या गोदामातली फळी समजा. जिओसिटीजने ही फळी फुकट दिली. नुसती दिली नाही, तिला गावाचं रूप दिलं. सिनेमाच्या हौशी लोकांची वस्ती वेगळी, घरसंसाराबद्दल लिहिणाऱ्यांची वेगळी, आणि प्रत्येक पानाला घर नंबर. लोकांनी तिथे लेकरांचे फोटो लावले, स्वयंपाकाच्या कृती लिहिल्या, मांजरांची वर्णनं केली. शेजारी एकमेकांना मदत करत. लाखो माणसं राहायला आली आणि सगळ्यांची समजूत एकच होती की हे माझं घर आहे.

जानेवारी १९९९ मध्ये याहू नावाच्या मोठ्या कंपनीने हे अख्खं गाव विकत घ्यायचं ठरवलं. किंमत तीनशे कोटी डॉलरपेक्षा जास्त. आता विचार करा, ही किंमत कशाची होती? संगणकांची नव्हे. लोकांनी फुकटात लिहून ठेवलेल्या पानांची, आणि ती पाहायला येणाऱ्या गर्दीची. गर्दी असते तिथे जाहिरात लागते. आठवडी बाजारात पालवाल्याकडून पैसे घेतले नाहीत तरी चालतं, कारण पालं लागली की गर्दी होते आणि भोवतीच्या भिंतींवरच्या जाहिरातींना भाव येतो. तसाच हा हिशेब होता.

जूनच्या शेवटी याहूने नव्या अटी लावल्या. त्यात एक वाक्य होतं. तुम्ही इथे जे काही ठेवाल ते वापरण्याचा, छापण्याचा, त्यात फेरफार करण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क कंपनीला राहील. तो कायमचा, परत न घेता येणारा आणि विनामोबदला. या अटी मान्य केल्या नाहीत तर स्वतःच्याच पानात हात घालता येईना.

लोक खवळले. कुणी आपल्या पानावरचे रंग आणि चित्रं काढून टाकली आणि तिथे निषेध लिहिला, कुणी बिऱ्हाड हलवलं. कंपनीला हे जड गेलं. काही दिवसांतच तिने माघार घेतली आणि मजकूर लिहिणाऱ्याचाच आहे, आम्ही तो फक्त सेवा चालवण्यापुरता वापरू, असं लिहून दिलं. घरबसल्या लिहिणाऱ्या साध्या माणसांनी एवढ्या मोठ्या कंपनीला नमवलं, हे मला आजही विशेष वाटतं.

यातला 'फेरफार' हा शब्द मला सगळ्यात जास्त खुपतो. आपल्या पैठणला एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकला करता करता लोकांनी तिच्यात आपापले शब्द घुसडले होते. ते निवडून काढल्यावर नाथांनी शेवटी स्पष्ट बजावलं की आता कुणी यात आपली ओवी मिसळू नये. दुसऱ्याच्या शब्दांना हात लावायचा नाही, हा नियम आपल्या गोदाकाठाला नवा नाही.

बरं, याहूने माघार घेतली म्हणून ते वाक्य मेलं का? नाही. ते सौम्य होऊन सगळीकडे पसरलं. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकने अटींत बदल केला. तुम्ही मजकूर काढून टाकला तर कंपनीचा हक्क संपतो, अशी जी ओळ होती तीच गाळली. पुन्हा ओरड झाली, पुन्हा जुन्या अटी आल्या. आज आपण जिथे जिथे फुकटात फोटो, व्हिडिओ टाकतो तिथे साधारण एकच भाषा असते. मालकी तुमची, वापरायची परवानगी आम्हाला. शेताच्या भाषेत सांगते. सात-बाऱ्यावर नाव तुमचंच राहतं. पण त्या शेतात गुरं चारायचा, रस्ता काढायचा आणि बांधावर स्वतःचा फलक लावायचा परवाना तुम्ही दुसऱ्याला दिलेला असतो, तोही न वाचता अंगठा दाबून. उतारा हातात धरून काय उपयोग, असं एखादी म्हणेल. उपयोग आहे, त्याकडे मी नंतर येते.

आता आपल्या शहरात येऊ. गूगलने जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट नावाची सेवा काढली. तुमच्यापैकी ज्यांची लेकरं तेव्हा कॉलेजात होती त्यांना आठवत असेल. पोरं सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजून ऑर्कुटवर बसत. तिथे कुणीही आपला गट काढू शके. बचत गटासारखाच, फक्त बचतीशिवाय. कुणी एका नटाच्या चाहत्यांचा काढला, कुणी गावाच्या नावाने. आणि कुणीतरी भारताचा द्वेष करणाऱ्यांचा गट काढला. त्यावर जळत्या तिरंग्याचं चित्र होतं.

तेव्हाच्या औरंगाबादमधल्या एका वकिलांनी याविरुद्ध जनहित याचिका केली. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आपल्याकडे १९८१ पासून आहे. मराठवाड्याच्या माणसाला दादीसाठी मुंबई गाठायला लागू नये म्हणून ते आलं. शेतीचे तंटे, नोकरीची प्रकरणं, भूसंपादनाचा मोबदला, हे तिथलं रोजचं काम. त्याच खंडपीठाने ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेतल्या गूगलला नोटीस काढली. जालना रोडवरच्या कोर्टातून निघालेली नोटीस समुद्रापलीकडच्या कंपनीला! वर्तमानपत्रांनी ती बातमी देशभर छापली.

नोटिशीमागचा प्रश्न ताईंच्याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. ताई विचारतात, चांगल्या गोष्टीचा मालक कोण? कोर्टासमोर होतं, वाईट गोष्टीचा धनी कोण? कंपन्यांचं म्हणणं असं की आम्ही नुसती भिंत दिली, लिहिणारा वेगळा. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमात त्यांना तसा आधारही होता. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, एवढं दाखवलं की दुसऱ्याच्या मजकुराबद्दल त्यांना दोषी धरता येत नसे. पण १९९९ सालची अट आठवा. हक्क सांगायची वेळ आली तेव्हा सगळं कंपनीचं होतं. जबाबदारीची वेळ आली की ती नुसती भिंत. मला हा व्यवहार कधीच सरळ वाटला नाही.

भिंत सुटली की बोट लिहिणाऱ्याकडे वळतं, आणि ते दर वेळी नीट वळत नाही. २००६-०७ मध्ये ऑर्कुटवर शिवाजी महाराजांचा अपमान करणारा मजकूर आला. लोकांनी चिडून मुंबई-पुण्याकडे सायबर कॅफे फोडले. कॅफेवाल्याचा त्यात काय दोष, हे कुणी विचारलं नाही. ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी या प्रकरणात बंगळुरूहून एका तरुण संगणक अभियंत्याला उचललं. सुमारे पन्नास दिवस तो तुरुंगात होता. नंतर कळलं की इंटरनेट जोडणीची माहिती चुकीची दिली गेली होती आणि त्या मजकुराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

पालघरची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका विशीतल्या मुलीने फेसबुकवर या बंदबद्दल प्रश्न केला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक दिलं. दोघींना अटक झाली. पहिलीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला.  ज्या ६६-अ कलमाखाली त्यांना धरलं त्याविरुद्ध श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केलं. त्याच निकालात ७९ व्या कलमाचा अर्थही लावला. कुणीही उठून तक्रार केली म्हणून कंपनीने मजकूर काढलाच पाहिजे असं नाही, त्यासाठी न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिकृत सूचना लागते, असं सांगितलं. म्हणजे आपल्या पानावर आता तिघांचे हात आहेत. आपला, कंपनीचा आणि सरकार-कोर्टाचा.

२०२१ च्या नियमांत बायकांच्या कामाची एक गोष्ट आली. कुणी एखादीचा उघडानागडा किंवा चेहरा जोडून बनवलेला फोटो टाकला, तर ती स्वतः किंवा तिच्या वतीने कुणीही कंपनीकडे तक्रार करू शकतं, आणि कंपनीने तो काही तासांतच काढायचा असतो. इथे कोर्टाच्या आदेशाची वाट पाहायची नाही. सासरी कळेल म्हणून गप्प बसणाऱ्या मुलीला हे सांगा. तक्रारीचा अधिकारी नेमणं कंपनीवर बंधनकारक आहे.

मालकी राहिली बाजूला, गोदामच बंद झालं तर? याहूने भांडून, पैसे मोजून घेतलेलं जिओसिटीज २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेत बंद केलं. घोषणा एप्रिलमध्ये केली होती, म्हणजे आवराआवरीला सहा महिने मिळाले. काही हौशी लोकांनी रात्री जागून जमतील तेवढी पानं उतरवून घेतली, बाकीची गेली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. तिथे तीन महिने आधी कळवलं होतं आणि फोटो काढून घ्यायला पुढेही मुदत होती. मायस्पेस नावाच्या एका सेवेने तर २०१९ मध्ये कबूल केलं की संगणक बदलताना वर्षानुवर्षांची गाणी पुसली गेली. लोकांनी आपली गाणी सुरक्षित राहतील म्हणून तिथे ठेवली होती.

आणि मग आपलं टिकटॉक. ते मात्र नोटीस न देता गेलं. २९ जून २०२० च्या रात्री सरकारने चिनी कंपन्यांच्या ५९ ॲपवर बंदी घातली. गलवानला आपले जवान शहीद होऊन पंधराच दिवस झाले होते. बंदी बरोबर होती की नव्हती हा माझा आजचा विषय नाही. मला त्या बायका आठवतात. शेतात कापूस वेचता वेचता, चुलीपुढे भाकरी थापता थापता, कुणी नऊवारीत तर कुणी गाऊनवर, त्या पंधरा-पंधरा सेकंदांचे व्हिडिओ करत. खेड्यातल्या बाईचा चेहरा गावाबाहेर कुणीतरी पाहतंय, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. काहींच्या घरी त्यावरून भांडणं झाली, काहींचे नवरेच पुढे मोबाइल धरायला लागले. एका रात्रीत सगळं गेलं. ॲप उघडलं की बंदीची सूचना दिसे, बस. जायकवाडीच्या पाण्यात गावं गेली तेव्हा लोकांना घराचे वासे तरी काढून नेता आले. इथे ज्यांनी व्हिडिओ मोबाइलमध्येच ठेवले होते त्यांचे राहिले. पण आपल्या मोबाइलमध्ये जागा कुठे असते? जागा भरली की आपण पुसून टाकतो, तिकडे आहेच म्हणून.

आता मघाचा उतारा. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा सांगतो की जो करतो त्याची मालकी, आणि त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. लेख लिहिणारीचा, चित्र काढणारीचं. फोटोत मात्र गंमत आहे. फोटो ज्याने काढला त्याचा, फोटोत जी दिसते तिचा नव्हे. पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल तर पैसे देणाऱ्याचा. म्हणजे कुरडया गटाच्या, हात सचिव ताईंचा, पण फुकटात फोटो काढणारा भाचा कायद्याने मालक! ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या फोनवर बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. त्या भलत्या जाहिरातवाल्यावर मात्र हाच कायदा चालतो. मालकाच्या परवानगीशिवाय फोटो वापरता येत नाही, आणि तो काढून टाका असं सांगायचा हक्क आपल्या बाजूला आहे. भाच्याने एका कागदावर हक्क गटाला लिहून दिला की झालं. त्यात मुदत लिहायला विसरू नका, कारण मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

ओव्यांचं काय? जात्यावरची ओवी कुणी रचली ते कुणालाच माहीत नसतं. जनाबाई मोठी हुशार. गंगाखेडची ती, तिने आपलं नाव अभंगातच गुंफून ठेवलं, काढायचं म्हटलं तरी निघत नाही. पण आपल्या आज्यांनी नाव घातलं नाही. शब्द सगळ्यांचे राहिले. तरीही गाणाऱ्या बाईचा तिच्या गाण्यावर हक्क असतो. १९९४ मध्ये कायद्यात तशी सुधारणा झाली आणि आता तो पन्नास वर्षं टिकतो. कुणी तुमची ओवी मोबाइलवर घेऊन त्यावर धंदा करत असेल तर आधी विचारायला हवं.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या पुण्याच्या अभ्यासकांनी काही दशकांपूर्वी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी, त्यात मुळशीकडच्या गरीब डोंगरी संघटनेची माणसं होती, हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या हाताने कागदावर उतरवून घेतल्या. पुढे ध्वनिमुद्रण झालं. १९९६ साली आपल्या मराठवाड्यात, माजलगावच्या भीमनगरात, बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या त्याही त्यात आहेत. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने हा ठेवा इंटरनेटवर ठेवला आहे. तिथे ओवीखाली गाणारीचं नाव, गाव, तालुका लिहिलेला असतो. मी स्वतः ते पाहिलं तेव्हा आधी ओवी वाचलीच नाही, नावंच वाचत बसले. इथेही गोदामाची किल्ली गाणारीच्या हातात नाही, हे खरं. पण गोदाम उद्या बंद पडलं तरी कागद आहेत आणि नावं आहेत.

सचिव ताईंच्या गटाचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. पोळ्याला भाचा गावी आला. अध्यक्ष बाईंनी त्याला आधी पुरणपोळी वाढली आणि मग समोर बसवलं. दोन तास खटपट करून पान उघडलं. आता त्यावर गटाच्या दोघींचे नंबर आहेत, एक सचिव ताईंचा आणि एक खजिनदार बाईंच्या सुनेचा. सगळे फोटो पेनड्राइव्हवर घेतले. तो पेनड्राइव्ह गटाच्या पेटीत पासबुक आणि हजेरीच्या वहीसोबत कुलुपात असतो. भाच्याने फोटोंचा हक्क गटाला लिहून दिला, खाली सही केली.

जुना नंबर मात्र सुटला नाही. चार वर्षांत ज्यांनी ज्यांनी तो लिहून घेतला ते अजून त्यावर फोन करतात, आणि मोबाइल कंपनीने तो नंबर आता दुसऱ्याच कुणाला तरी दिला आहे. परवा त्या माणसाने हुडकून ताईंना फोन केला. म्हणाला, "बाई, मी गॅरेजवाला आहे, मला रोज कुरडयांच्या ऑर्डरी येतात. लिहून घेऊ का?"